सेवानिवृत्त अग्निबाण

मुंबईत तीस-पस्तीस वर्षे चाकरी करून सेवानिवृत्त झालेल्या गृहस्थाने मांडव्याच्या धक्क्यावर लाँचीतून उतरावे, किहीम, थळ, नागाव, चौल यांपैकी एखाद्या गावी चार-पाच गुंठे जागा घेऊन घर बांधावे, दारात दोन माड आणि एक हापूसचे कलम लावावे, आणि मग सकाळच्या चहापासून रात्रीच्या गोळीपर्यंत जो अफाट कालखंड समोर पसरलेला असतो त्याचे करावे काय या विवंचनेत पडावे, हा आमच्या किनाऱ्याचा आता शिरस्ताच होऊन बसला आहे. या परंपरेत अग्रपूजेचा मान वस्तुतः कोणा माणसाकडे जात नसून एका सरकारी संस्थेकडे जातो. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या धावू लागणार, आणि त्या विजेने आपल्या नाजूक चुंबकसूचींचे चित्त विचलित होणार, या वार्तेने अस्वस्थ झालेल्या कुलाब्याच्या चुंबकीय वेधशाळेने १९०४ साली आपले बिऱ्हाड अलिबागेस हलविले, आणि ती आजतागायत तेथे सुखाने नांदत आहे. फरक इतकाच, की वेधशाळेला येथे येऊन करायला काम होते. तिच्या मागोमाग आलेल्या मंडळींना ते शोधावे लागते.

हे काम शोधण्याचे मार्ग आजवर ठरलेले होते. कोणी परसात पांढऱ्या कांद्याचा वाफा करून बाजारभावाच्या तिप्पट खर्चात घरचा कांदा खाल्ल्याचे समाधान मिळवी. कोणी माहितीच्या अधिकाराखाली अर्जामागून अर्ज ठोकून ग्रामपंचायतीच्या दप्तराची धूळ झटकण्याचे लोकोपयोगी कार्य करी. आणि कोणी भजनीमंडळात शिरून तालसुरांच्या शुद्धतेविषयी इतका आग्रह धरी, की मूळचे भजनी लोक हळूहळू घरी बसत. मात्र अलीकडे आमच्या आळीत एका सर्वस्वी नव्या उद्योगाचा शिरकाव झाला आहे. महसूल खात्यातून निवृत्त झालेले आमचे शेजारी, ज्यांना सारा गाव अद्यापि मामलेदारसाहेब म्हणूनच हाक मारतो, त्यांच्या अमेरिकावासी जावयाने मुलासाठी म्हणून एक चपटे खोके येताना आणले. नातवाने ते उघडून, आत बॅटरीवर चालणारे काहीही नाही याची खातरजमा करून घेऊन, तेथेच टाकून दिले. आणि बेवारस मालमत्तेची विल्हेवाट लावण्यात ज्यांचा जन्म गेला त्या मामलेदारसाहेबांनी ते रीतसर ताब्यात घेतले.

खोक्यातील मुद्देमाल पुढीलप्रमाणे होता : बाल्सा नामक लाकडाच्या बोटभर रुंदीपासून वीतभर रुंदीपर्यंतच्या पातळ पट्ट्या, एक चौकोनी दांडी, पुठ्ठ्याची नळी, प्लॅस्टिकचे निमुळते नाक, तांबड्या कागदाची लांब फीत, रंगीत मातीची गोळी, आणि सूचनांचा एक घडीव कागद. साहेबांनी तो कागद, खात्याची परिपत्रके ज्या पद्धतीने वाचीत त्याच पद्धतीने, महत्त्वाच्या ओळींखाली तांबडी रेघ ओढीत वाचला आणि निष्कर्ष काढला, की या वस्तूस रॉकेट-ग्लायडर म्हणतात. ती अग्निबाण होऊन वर जाते आणि विमान होऊन खाली येते. पुठ्ठ्याच्या नळीत दारूचे छोटे नळकांडे, म्हणजे तिची मोटर, बसवावयाचे, विजेच्या तारेने ते दुरून पेटवावयाचे, आणि दोन-तीन सेकंदांत शे-दोनशे फूट चढून गेल्यावर दारू संपली की नळी आपली फीत फडकावीत वेगळी व्हावयाची व पंख असलेला भाग आकाशात घिरट्या घालीत सावकाश उतरावयाचा. काही जातींत वेगळे काहीच होत नाही. सारे लटांबर एकसंधपणे परत येते, फक्त वर गेल्यावर शेपटीचा पडदा तरी उचलला जातो नाही तर पंख तरी पुढे सरकतो.

ही कल्पना ऐकावयास जितकी सरळ तितकीच आचरणात वक्र आहे, आणि तिचे वक्रत्व समजण्यास शास्त्रापेक्षा सरकारी नोकरीचा अनुभव अधिक उपयोगी पडतो. वर चढताना या यंत्राने डावे-उजवे न पाहता नाकासमोर जावे अशी अपेक्षा असते. त्यासाठी त्याचा भार पुढे हवा आणि पंखांनी स्वतःची अक्कल चालवता कामा नये. उतरताना नेमके याच्या उलट हवे. तेव्हा भार मागे सरकला पाहिजे, शेपटीने नाक किंचित वर उचलून धरले पाहिजे, आणि प्रत्येक झुळुकीशी जुळवून घेत पंखांनी सगळा संसार तोलला पाहिजे. चढताना जो ताठा हा गुण, तोच उतरताना अवगुण. बढत्यांच्या काळात वरच्याच्या जोरावर सरळ वर गेलेला अधिकारी, ज्या दिवशी खुर्ची, शिपाई आणि जीप ही मोटर गळून पडते त्या दिवशी, भाजीवाल्याशी, सुनेशी आणि सोसायटीच्या चिटणीसाशी जुळवून घेत हलकेच खाली येऊ शकतो की नाही, हा जो प्रश्न पेन्शनच्या कोणत्याही नियमावलीत चर्चिलेला नाही, तोच या दीड वितीच्या लाकडी वस्तूपुढे दर उड्डाणास उभा राहतो. निसर्गाचा नियमही मोठा निष्ठुर आहे : पंखावरचे बळ वेगाच्या वर्गाने वाढते. म्हणजे उतरताना जेवढ्या उचललेल्या शेपटीने विमान डौलात तरंगते, तेवढीच शेपूट चढताना, वेग चौपट झाला असता, सोळापट जोर करून त्याला कोलांटी उडी मारावयास लावते.

या पेचातून वाट काढण्याचे श्रेय अमेरिकेतील कोलोरॅडोकर व्हर्न एस्टिस यांच्या कारखान्याकडे व त्या काळच्या काही हौशी मंडळींकडे जाते. एस्टिस यांनी १९५८ मध्ये मुलांच्या अग्निबाणांसाठी दारूच्या मोटरी यंत्रावर वळण्याचा उद्योग आरंभिला, आणि पुढच्या तीन-चार वर्षांतच वापरलेली मोटर मागे भिरकावून देऊन त्या क्षणी शेपटीचे पडदे उचलणारे छोटे ग्लायडर बाजारात आणले. हाच खेळ मोठ्या माणसांनी मोठ्या पैशांत मांडला तेव्हा त्यास स्पेस शटल असे नाव मिळाले. ज्या वर्षी १ जानेवारीस आमच्या कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले, त्याच १९८१ साली १२ एप्रिलला ‘कोलंबिया’ अग्निबाण होऊन वर गेले आणि १४ एप्रिलला कॅलिफोर्नियात विनाइंजिनाचे विमान होऊन उतरले. आपल्या इस्रोनेही २३ मे २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून साडेसहा मीटर लांबीचे पंखधारी यान सुमारे ६५ किलोमीटर उंच नेऊन तेथून बंगालच्या उपसागरावर तरंगत आणले, आणि पुढे २०२३ साली चित्रदुर्गाजवळ हेलिकॉप्टरमधून सोडलेले तशाच घडणीचे यान आपले आपण धावपट्टीवर उतरवून दाखविले. मामलेदारसाहेबांनी ही सर्व माहिती एका वहीत टिपून ठेवली असून, इस्रोचा आणि आपला प्रश्न तत्त्वतः एकच आहे, फक्त त्यांना अंदाजपत्रकीय तरतूद आहे, असे ते कोणी विचारले नाही तरी सांगतात.

मोटरीची बाजू मात्र आरंभीच लंगडी पडली. या मोटरींचीही एक श्रेणी असते : अ वर्गाची शक्ती कमाल अडीच न्यूटन-सेकंद, ब ची तिच्या दुप्पट, क ची त्याच्या दुप्पट, आणि अक्षरापुढील आकड्यांवरून सरासरी जोर किती व दारू संपल्यावर किती सेकंदांनी मोटर अंग काढून घेणार हे कळते. इतकी चोख वेतनश्रेणी पाहून साहेबांचे डोळे पाणावले. परंतु जावयाच्या खोक्यात मोटर नव्हती आणि असणेही शक्य नव्हते, कारण स्फोटक पदार्थ विमानाच्या सामानातूनही आणता येत नाही आणि टपालानेही धाडता येत नाही. आणि आपल्याकडे स्फोटकांचा कायदा १८८४ पासून जागता असून त्याच्या परवान्यांचा कारभार पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेचे मुख्य ठाणे नागपुरास आहे. दिवाळीतल्या बाणाचे नळकांडे कापून बसवावे, ही सूचना आळीतल्या एका उत्साही तरुणाने मांडताच साहेबांनी ती जागच्या जागी फेटाळली. आयुष्यभर इतरांच्या अर्जांवर ‘नियमात बसत नाही’ हा शेरा मारलेल्या हाताला नियमाबाहेर जाण्याची सवय उतारवयात लागत नाही. अखेर तजवीज अशी निघाली, की बढतीचा भाग वगळून निवृत्तीच्या भागाचाच अभ्यास करावा. ग्लायडर हाताने फेकावे, फार तर रबरी दोरीच्या बेचकीतून सोडावे, आणि त्याचे उतरणे सुधारावे. जाणकारही म्हणे मोटर लावण्यापूर्वी हेच करतात.

मग बांधकामास प्रारंभ झाला. बाल्सा हे दक्षिण अमेरिकेतले झाड; त्याचे लाकूड मुख्यत्वे इक्वेडोरहून येते आणि ते इतके हलके, की १९४७ साली नॉर्वेच्या थॉर हेयरडाल यांनी त्याच्याच ओंडक्यांचा तराफा करून पेरूहून प्रशांत महासागरातील पॉलिनेशियापर्यंत मजल मारली. कुळ पाहू जाता हे आमच्या काटेसावरीचे चुलत भावंड; शिमग्याच्या सुमारास पाने गाळून तांबड्या फुलांनी भरून जाणारी जी सावर आमच्या डोंगरउतारांवर उभी असते, तिच्या घराण्यातले. ही सोयरीक कळल्यावर साहेबांनी गावच्या सुताराला बोलावून, परदेशी पट्टीऐवजी गावठी सावर चालेल काय असा अभिप्राय मागितला. सुताराने बाल्साची पट्टी दोन बोटांत धरली, नखाने किंचित दाबली, उमटलेला वण पाहिला, आणि अत्यंत गंभीरपणे विचारले, “साहेब, ह्याला रंधा मारायचा की फुंकर?” सावरीच्या प्रस्तावावर पुढे कार्यवाही झाली नाही.

पंखाची पुढची कड काचकागदाने गोल करावयाची आणि मागची कड कागदाइतकी पातळ घासावयाची असते. ते काम ओटीवर बसून साहेबांनी ज्या निष्ठेने केले ती पाहून त्यांच्या हाताखाली काम केलेल्या एका निवृत्त तलाठ्याने, “जमाबंदीच्या वेळी साहेब एवढे बारीक नव्हते,” असा दाखला दिला. दोन्ही पंखांची टोके किंचित उचललेली असावी लागतात, म्हणजे विमान एका अंगास कलले तर खालचा पंख आपोआप अधिक भार उचलून त्यास सावरतो. हा उचलाव नेमका यावा म्हणून एका टोकाखाली मराठी शब्दकोशाचा खंड व दुसऱ्याखाली महसूल अधिनियमाची जुनी प्रत ठेवून, मधल्या सांध्यास फेव्हिकॉल लावून, सारे प्रकरण रात्रभर पाटावर टाचण्यांनी जखडून ठेवण्यात आले. अधिनियमाचा इतका प्रत्यक्ष उपयोग आपण प्रथमच पाहिल्याचे तलाठ्याने नमूद केले.

परंतु किनाऱ्यावर राहणाऱ्यास कोणतीही गोष्ट रात्री जशी ठेवली तशी सकाळी मिळत नाही. मीठ पाझरते, दारे फुगतात, बिजागऱ्या गंजतात, आणि कोरडा बाल्सा खारट दमट हवा पिऊन मनास येईल तिकडे वळतो. सकाळी पंख डोळ्यांच्या रेषेत धरून मागच्या कडेवरून पाहिले असता डावे टोक ओणवे झालेले दिसले. यावर उपाय आहे, आणि तो प्रत्यक्ष पाहण्यासारखा आहे : पंख दोन्ही हातांत धरावयाचा, आरशावर सोडतो तशी तोंडाची गरम वाफ त्या टोकावर सोडावयाची, लाकूड मऊ झाले की बिघाडाच्या उलट बाजूस त्याला अलगद पीळ द्यावयाचा, आणि निवेपर्यंत श्वास रोखून तसेच धरून बसावयाचे. साहेब ओटीवर हा विधी करीत असता रस्त्याने जाणाऱ्या वैद्यबुवांनी आत येऊन नाडी पाहिली.

खरा प्रपंच मात्र पुढेच, आणि तोच या शास्त्राचा गाभा. विमान बांधून होते. ते उडेल असे करणे निराळे. त्याची जागा ओहोटीची ओली, सपाट वाळू. आणि वेळ सकाळची, जेव्हा रात्रभर जमिनीकडून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे निवालेले असतात आणि समुद्राकडून येणारे खारे वारे अद्याप सुटलेले नसतात. मतलईत सोडले तर विमान खांदेरी-उंदेरी बेटांच्या दिशेस मार्गस्थ होते, आणि खाऱ्यात सोडले तर सुरूच्या बनात शिरून पलीकडच्या माडांच्या झावळ्यांची व शेजाऱ्यांच्या वईची विचारपूस करते. मधल्या त्या अर्ध्यापाऊण घटकेत, खांद्याच्या उंचीवरून, नाक किंचित खाली धरून, समोरच्या ठरावीक बिंदूकडे ते अलगद ढकलावयाचे, फेकावयाचे नाही. ते नाक वर करून थबकले, खाली पडले, पुन्हा उसळून पुन्हा थबकले, तर शेपूट जड. नाकाला चिमूटभर वजन द्यावयाचे. सरळ वाळूत घुसले तर नाक जड. तेथून वजन काढावयाचे, अथवा शेपटीची मागली कड केसभर उचलावयाची. एका वेळी एकच बदल, आणि तोही इतका अल्प की केला की नाही याविषयी करणाऱ्याच्या मनात संदेह राहावा, हा या विद्येचा मूलमंत्र.

हा मूलमंत्र पाळणे आमच्या किनाऱ्यावर अशक्य आहे, कारण येथे कोणतेही काम एकट्याने करण्याची वहिवाट नाही. दुसऱ्या फेकीस वाळूवर सभा भरली. जाळे विणीत बसलेल्या कोळ्याने मान वर न करता, “सुकाणू वाकडं आहे,” असे निदान केले आणि ते तंतोतंत खरे निघाले. बँकेतून निवृत्त झालेल्या गृहस्थांनी नाक व शेपूट यांचा ताळेबंद मांडावयास कागद मागितला. सकाळची फेरी घालणाऱ्या हवालदारांनी प्रथम, “यात दारूबिरू काही नाही ना?” अशी रास्त चौकशी केली, आणि नसल्याची खात्री पटताच ड्यूटीची टोपी काखेत मारून स्वतः एक फेक केली. परंतु सर्वांवर कडी केली ती शहाळी विकणाऱ्या म्हाताऱ्याने, ज्याची हयात बैलगाडी हाकण्यात गेली होती. विमान दोनदा नाक वर करून पडलेले पाहून तो कोयता बाजूस ठेवीत म्हणाला, “गाडी उलाळ झालीय, साहेब. म्होरं वजन घाला.” मागे भार फार झाला की गाडीचे जू वर उचलते आणि बैलांचे गळे आवळले जातात, म्हणून गाडीवान पोती पुढे सरकवून तोल जुळवितो; सूचनापत्रात सहा आकृत्या काढून जे सांगितले होते ते त्याने एका वाक्यात निकालात काढले.

पुढे घालावयास वजन कसले, हा प्रश्न होता. खोक्यातली रंगीत माती नातवाने पूर्वीच हत्ती करून संपविली होती. म्हणून साहेबांनी स्वयंपाकघरातून कणकेची गोळी आणवून नाकास लावली. विमान त्या दिवशी असे काही तरंगले, की समुद्रावर घिरट्या घालणारी ब्राह्मणी घारही शेपटीचा पंखा किंचित तिरपा करीत दोन वळणे अधिक घेऊन गेली. त्या आनंदात ते ओटीवरच्या खुंटीस टांगून साहेब झोपी गेले. आणि रात्री मुंग्यांनी भाराचा पुढील हप्ता परस्पर उचलला. सकाळी तेच विमान, त्याच वाळूवर, त्याच हाताने सोडले असता पुन्हा नाक वर करून आपटले. साहेबांनी पंख तपासले, शेपूट तपासली, वाऱ्यास बोल लावला, कोळ्याच्या सुकाणूच्या सिद्धान्ताकडे फेरविचारासाठी प्रकरण पाठविले; शेवटी त्यांच्या सौभाग्यवतींनी चष्मा लावून नाकाकडे पाहिले तेव्हा अपहार उघडकीस आला. त्यानंतर पेणहून गणपतीच्या दिवसांत आणलेल्या शाडूचा उरलेला गोळा माळ्यावरून काढण्यात आला. शाडूस मुंग्या लागत नाहीत, आणि तेलाचा हात लावून ठेवली तर ती लवकर तडकतही नाही.

बेचकीचा प्रयोग तेवढा एकदाच झाला. हाताने सोडता निर्दोष ठरलेले विमान रबराच्या जोराने सुटताच, सोळापटीच्या त्या निष्ठुर नियमास अनुसरून, एक पूर्ण वर्तुळ काढून सोडणाऱ्याकडेच परत आले, आणि साहेबांनी वेळीच वाळूवर बैठक मारली म्हणून शिरस्त्राण तेवढे गेले. वरच्याच्या नेटाने चढताना उतरण्याचे गुण कसे घातक ठरतात याचा हा सप्रयोग पुरावा पाहून, आपल्या बॅचचा जो गृहस्थ नोकरीत असतानाच सर्वांशी गोडीने वागत असे तो नायब तहसीलदार म्हणूनच का निवृत्त झाला, याचा उलगडा आपणास आज झाला, असे साहेब वाळू झटकीत म्हणाले.

आम्हांस मात्र या साऱ्या उद्योगात एक गोष्ट विशेष वाटते. चढण्याची सामग्री कारखान्यातून तयार मिळते. तिच्यावर अक्षर असते, आकडा असतो, आणि ती किती सेकंद टिकणार हेही छापलेले असते. उतरण्याची सामग्री कोणत्याही खोक्यात येत नाही. ती प्रत्येकाला आपापल्या गावच्या वाऱ्यात, आपापल्या मातीच्या चिमटीने, दिवसामागून दिवस जुळवावी लागते, आणि सर्वांत वाईट म्हणजे ती स्वतःची स्वतःला जुळविता येत नाही; आपले नाक वर आहे हे दुरून पाहणाऱ्यालाच दिसते. निवृत्तांच्या वसाहतीत जे रुसवे, जे अर्ज आणि ज्या तक्रारी दिसतात, त्यांतल्या निम्म्या तरी केवळ उलाळ झालेल्या गाड्या असतात. त्यांना उपदेशाचे पोते नको असते. योग्य जागी एक चिमूट पुरते.

परवाच याचे प्रत्यंतर आले. आकाश स्वच्छ, वारा पडलेला, विमान जवळजवळ निर्दोष. उतरताना अगदी शेवटी एकदा किंचित थबके एवढेच. साहेबांच्या मनाला तेवढेही सोसवेना. “अगं, शाडूचा तो गोळा दे इकडे,” ते म्हणाले.

“गोळा नाही मिळायचा,” सौभाग्यवती तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, आणि नखावर मावेल एवढी शाडू त्यांच्या तळहातावर ठेवीत पुढे बोलल्या, “तुम्हाला मामलेदारीवरून ह्या ओटीवर उतरवायला मला दोन वर्षं लागली, तीही अशी चिमटीचिमटीनंच. एकदम गोळा लावला असता तर तुम्ही कधीच वाळूत घुसला असतात.”

या निकालावर साहेबांनी अपील केले नाही.